डॉक्टर, एक वाचलंय, विचारू का?

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मी १९८८ साली सहा महिने बसलो होतो. नुकताच एमबीबीएस झालो होतो आणि आपल्याला बरंच काही येतं अशी माझी समजूत होती. त्यांच्या टेबलावर केसपेपरची एक लाकडी पेटी असायची. प्रत्येक केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात ते पेन्सिलीनं दोन-तीन शब्द लिहून ठेवत. ‘मुलीचं जमेना’, ‘विहीर आटली’, ‘भावकीत दावा’. औषधाशी याचा काय संबंध, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “हा माणूस रात्री कशानं जागा राहतो, ते मला माहीत पाहिजे.”

आज माझ्याकडे येणाऱ्या माणसाला जागं ठेवणाऱ्या गोष्टींत एकीची भर पडली आहे. रात्री दहाला लॅबचा रिपोर्ट मोबाइलवर येतो. अकरापर्यंत त्यातला ठळक छापलेला आकडा गूगलवर शोधून होतो. बारा वाजता पुण्याहून भाच्याचा फोन येतो, त्यानंही काहीतरी वाचलेलं असतं. मग यूट्यूब. सकाळी नऊला हा माणूस माझ्या दारात नंबर लावून बसतो, तेव्हा त्याच्या डोक्यात सात आजार असतात आणि झोप झालेली नसते. या माणसाचं आणि डॉक्टरचं नातं काय झालं आहे, याबद्दल मला बोलायचं आहे. सुरुवात माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासून करतो, कारण या विषयाचा विचार मी त्या चुकीनंतरच करू लागलो.

२०१७ च्या मे महिन्यातली गोष्ट. बावन्न वर्षांचे एक ऊस बागायतदार माझ्याकडून बीपीची गोळी घेत होते. टेल्मिसार्टन, रोज एक. बीपी छान आटोक्यात होतं. त्या दिवशी त्यांची बायको सोबत आली होती. तपासणी उरकली, चिठ्ठी लिहून झाली, आणि वहिनी हळूच म्हणाल्या, “डॉक्टर, एक वाचलंय, विचारू का? ह्या गोळ्यांनी किडनी जाती म्हणत्यात.” त्यांनी पिशवीतून फोन काढला. बाहेर चाळीस माणसं होती. मी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणालो, “मोबाइलच डॉक्टर असेल तर इथं कशाला येता?” त्यांनी फोन परत पिशवीत टाकला आणि दोघं निघून गेली.

पुढच्या जानेवारीत त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हॉस्पिटलात नेलं तेव्हा बीपी २२०/१३० होतं. माझ्या चिठ्ठीनंतर त्यांनी गोळीचं एकही पाकीट विकत घेतलं नव्हतं. आठ महिने बीपी चढं होतं आणि त्यांना काही जाणवत नव्हतं, कारण चढलेलं बीपी बहुतेकांना जाणवतच नाही.

त्या फोनवर काय होतं ते मी नंतर मागून घेऊन वाचलं. मजकूर साफ खोटा नव्हता, म्हणून तो जास्त घातक होता. टेल्मिसार्टनच्या गटातली औषधं सुरू केली की काही जणांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या कामाचा रक्तातला आकडा, सुरुवातीला थोडं वाढतं. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही चालवून घेतो, तिच्यावर आणि पोटॅशियमवर लक्ष ठेवतो. मूत्रपिंडाच्या बारीक गाळण्यांवरचा दाब ही गोळी कमी करते, म्हणून आकडा जरा हलतो. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत किडनी वाचते ती याच दाब कमी होण्यामुळे. किडनी निकामी करणाऱ्या कारणांत मधुमेहाच्या जोडीनं मोठं कारण आहे ते उपचार न केलेलं बीपी. वहिनींनी विचारलेला प्रश्न एखाद्या विद्यार्थ्यानं परीक्षेत विचारला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती. एवढं सगळं त्यांना समजेल असं सांगायला किती वेळ लागतो, हे मी पुढे घड्याळ लावून पाहिलं. दीड मिनिट.

हे दीड मिनिट कुठं गेलं? १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी ७४ भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या. पेशंट बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी अठराव्या सेकंदाला त्याला तोडत होते, आणि आपलं म्हणणं पुरं करू शकलेले पेशंट चौथा हिस्साही नव्हते. २००२ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथं उलटा प्रयोग झाला. डॉक्टरांना सांगितलं, तुम्ही मध्ये बोलायचं नाही, पेशंट आपण होऊन थांबेपर्यंत ऐकायचं. ३३५ पेशंट. सरासरी किती वेळ बोलले? ९२ सेकंद. पाच मिनिटांच्या वर बोलणारे सगळे मिळून सात निघाले. तोडलं नाही तर माणूस तासभर बोलत बसेल, ही आम्हा डॉक्टरांची भीती निराधार आहे. पण ती भीती आम्हाला कॉलेजात लागते ती निवृत्तीपर्यंत सुटत नाही. २०१७ मध्ये ६७ देशांतल्या प्राथमिक उपचारांच्या भेटींचा आढावा प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये भेट साडेबावीस मिनिटांची, बांगलादेशात ४८ सेकंदांची. आपल्याकडची दोन मिनिटांच्या आसपास.

दोन मिनिटांत नाडी, बीपी, चिठ्ठी. प्रश्न उरतो तो घरी जातो, आणि घरी फोन असतो. फोनला घड्याळ नाही, बाहेर रांग नाही, तो खेकसत नाही. माझ्या टेबलावर जागा न मिळालेला प्रश्न तिकडे गेला तर प्रश्न विचारणाऱ्याचा त्यात काय दोष?

अर्थात तिकडे त्याचं काय होतं, हेही पाहिलं पाहिजे. एरिक हॉर्विट्झ आणि रायन व्हाइट या मायक्रोसॉफ्टच्या दोन संशोधकांनी २००८ साली लोकांच्या शोधांच्या नोंदी तपासल्या. साध्या लक्षणावरून सुरू झालेला शोध गंभीर आणि दुर्मीळ आजारांकडे कसा सरकत जातो, हे त्यांनी दाखवलं. डोकेदुखीचा शोध घेणाऱ्यासमोर मेंदूच्या गाठीचं पान जवळपास तितक्याच सहज येत होतं, जितक्या सहज कॉफी बंद केल्यानं होणाऱ्या डोकेदुखीचं. प्रत्यक्षात या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. डॉक्टरी शिक्षणातली निम्मी वर्षं हे अंतर अंगी मुरवण्यात जातात. डोकं दुखणारी हजार माणसं पाहिली की गाठ किती जणांना निघते, याचा अंदाज बोटांत येतो. पुस्तकातले आजार मलाही वाचूनच कळले. त्यांचं वजन मला पेशंटांनी शिकवलं. फोनवरच्या यादीत सगळे आजार एकाच मापाच्या अक्षरात छापलेले असतात, वजन कुठेच लिहिलेलं नसतं.

रिपोर्टचंही तेच. ‘नॉर्मल’ म्हणून जो पट्टा छापतात तो बहुधा असा ठरतो: निरोगी माणसांचं रक्त तपासायचं आणि मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे घ्यायचे. म्हणजे ठणठणीत माणसांतलाही विसातला एक पट्ट्याबाहेर पडणारच. आता एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्यांचं पॅकेज घ्या. धडधाकट माणसाच्याही सगळ्या वीस तपासण्या पट्ट्यात बसण्याची शक्यता ३६ टक्केच आहे. उरलेल्या ६४ टक्के निरोगी लोकांना कुठेतरी एक ठळक आकडा आणि शेजारी बाण दिसणार. वाढदिवसाला सवलतीत चाळीस-साठ तपासण्यांचं पॅकेज घेणाऱ्यांना हे कुणीतरी रिपोर्टच्या आधी सांगायला हवं. रात्री दहा वाजता पाठवलेल्या पीडीएफमध्ये हे लिहिलेलं नसतं.

आणि वाचलेलं अंगात उतरतं. याचा सगळ्यात सुंदर पुरावा लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये दिला. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या ‘अंग दुखतं’ म्हणून सोडलेले साठ लोक त्यांनी घेतले. वर्षातले चार महिने खरी गोळी, चार महिने तशीच दिसणारी पण औषध नसलेली पोकळ गोळी, चार महिने काहीच नाही, असे महिने उलटसुलट लावले. रोजच्या त्रासाला शून्य ते शंभर असे गुण द्यायचे होते. खऱ्या गोळीनं जेवढा त्रास झाला त्याच्या नव्वद टक्के त्रास पोकळ गोळीनंही झाला. कृपा करून याचा अर्थ ‘त्यांना काही होत नव्हतं’ असा घेऊ नका. दुखत होतं ते खरंच दुखत होतं. त्रास होणार या अपेक्षेनं गोळी गिळली की शरीर ती अपेक्षा पुरी करतं. पण मला या प्रयोगाचा शेवट जास्त मोलाचा वाटतो. संशोधकांनी प्रत्येकाला त्याच्याच गुणांचा आलेख दाखवला. साठातल्या तीस जणांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. त्यांना कुणी दरडावलं नव्हतं, समोर बसवून त्यांचीच माहिती त्यांना उलगडून दाखवली होती.

हे ऐकून आमच्यातले काही म्हणतील, बघा, म्हणूनच आम्ही सांगतो की वाचू नका. त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. एक माझ्या दवाखान्यातली, एक दूरची.

आमच्या भागातल्या एका शिक्षिकेची सहा वर्षांची मुलगी. वजन वाढेना, हिमोग्लोबिन सातच्या वर जाईना. मी लोहाचं औषध दिलं, जंताचं दिलं, पुन्हा लोहाचं दिलं. “ती खात नाही नीट,” असं म्हणून आईलाच दोन शब्द सुनावले. चौथ्या खेपेला बाई वही घेऊन आल्या. सहा महिन्यांचं जेवण लिहिलेलं, शेजारी पोट फुगल्याच्या तारखा. म्हणाल्या, “सर, रागावणार नसाल तर विचारते. गव्हाचा काही त्रास असेल का? सीलिअ‍ॅक म्हणून आजार आहे असं वाचलं.” सीलिअ‍ॅक मी कॉलेजात एका पानात वाचला होता. तो उत्तरेकडच्या गहू खाणाऱ्या मुलखातला, आपल्याकडे ज्वारी-भाकरी, असं मनात पक्कं बसलेलं. पण आता आपल्याही घरांत पोळी, बिस्किट आणि पाव रोजचे झाले आहेत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रक्ताची तपासणी केली, मग पुण्याला पाठवून आतड्याचा तुकडा तपासला. आजार तोच निघाला. गहू बंद झाला आणि वर्षभरात पोर चार बोटं वाढली. निदान त्या बाईंचं होतं, मी फक्त तपासणी लिहिली. आणि ‘रागावणार नसाल तर’ हे शब्द त्यांना आधी म्हणावे लागले, याची मला आजही लाज वाटते.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या डेव्ह डिब्रॉन्कार्ट यांची. जानेवारी २००७ मध्ये खांद्याच्या एक्सरेत योगायोगानं फुप्फुसावर डाग दिसला. तो मूत्रपिंडाचा, सगळीकडे पसरलेला कॅन्सर होता. बोस्टनचे त्यांचे डॉक्टर डॅनी सँड्स यांनी त्यांना इंटरनेटवरच्या पेशंटांच्या एका समूहाकडे स्वतःहून पाठवलं. तिथल्या लोकांनी इंटरल्यूकिन-२ या उपचाराबद्दल सांगितलं, तो कोण करतं त्यांची नावं दिली, दुष्परिणाम कसे झेलायचे ते अनुभवानं सांगितलं. डेव्ह वाचले. पुढे त्यांनी आयुष्य याच कामाला दिलं, आणि ‘पेशंटला मदत करू द्या’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं. औषध इंटरल्यूकिनचं होतं, हे विसरू नये. तिथपर्यंतचा रस्ता मात्र पेशंट आणि डॉक्टर दोघांनी मिळून काढला, आणि ‘जा, वाच’ असं आधी म्हणाले ते डॉक्टर होते.

आपल्याकडेही वाचणारा पेशंट इंटरनेटनं जन्माला घातलेला नाही. डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ पिशवीत घालून माझ्याकडे आलेले हृदयविकाराचे पेशंट मला आठवतात. पानांना खुणा घातलेल्या असायच्या. मला त्या पुस्तकाचा राग कधी आला नाही. का आला नाही, याचा मी विचार केला. एका माणसानं स्वतःचं दुखणं, स्वतःच्या चुका, स्वतःचं शोधणं मराठीत सांगितलं होतं. वाचणाऱ्याला धीर येत होता आणि काय करायचं ते कळत होतं. आज इंग्रजीत चांगली आरोग्यमाहिती मुबलक आहे. मराठीत शोधायला गेलेल्या माणसाच्या वाट्याला बहुतांशी कच्चं भाषांतर, नाहीतर काढा विकणाऱ्याचा व्हिडिओ येतो. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्याशी हा अन्याय आहे, आणि त्यात आम्हा मराठी डॉक्टरांचा हात आहे, कारण आम्ही लिहीत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली समीरा कोहली खटल्यात सांगितलं की, पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती हीच संमती. तरीही ऑपरेशनच्या आधी मराठी माणसाची सही इंग्रजी फॉर्मवर घेणारी ठिकाणं मी पाहिली आहेत. तिथली ‘माहिती’ म्हणजे कुठं सही करायची तेवढं बोट.

अविश्वासाचं खापर फोनवर फोडणंही सोपं आहे. डॉ. अरुण लिमये यांनी वैद्यकीय व्यवसायातल्या गैरप्रकारांवर ‘क्लोरोफॉर्म’ लिहिलं तेव्हा बहुतेक घरांत फोनसुद्धा नव्हते. २०१६ मध्ये डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’मध्ये डॉक्टरांच्याच तोंडून कट प्रॅक्टिसची, म्हणजे पेशंट पाठवण्याबद्दल मिळणाऱ्या कमिशनची, हकिगत मांडली. आपल्याला लिहून दिलेला स्कॅन गरजेचा आहे की त्यात कुणाचा वाटा आहे, अशी शंका ज्याला येते तो घरी जाऊन वाचणारच. मी त्याला अडवणार नाही.

आणि करोनाच्या दुसऱ्या लाटेतला एप्रिल २०२१ विसरता येत नाही. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन रेमडेसिविरसाठी मध्यरात्री दुकानांपुढे उभी असलेली माणसं आपण पाहिली. जागतिक आरोग्य संघटनेनं २० नोव्हेंबर २०२० रोजीच दाखल रुग्णांना हे औषध देऊ नये असा सल्ला दिला होता, कारण त्यानं जीव वाचतात असा पुरावा मिळाला नव्हता. हा सल्ला इंटरनेटवर सगळ्यांना खुला होता. तरी आम्ही चिठ्ठ्या लिहिल्या. काहींनी नातेवाइकांच्या दडपणानं, काहींनी आपल्याच ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजवर विश्वास ठेवून. त्या दिवसांत फॉरवर्ड वाचून औषध ठरवणारे फक्त पेशंट नव्हते. हे मान्य केल्याशिवाय आम्हाला कुणाच्या वाचण्यावर बोलायचा अधिकार नाही.

आता तर फोन उलट बोलतो. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं, आणि हल्ली माणसं त्याचं उत्तर घेऊन येतात. स्वच्छ मराठीत, समजुतीच्या सुरात. त्यातलं बरंचसं बरोबर असतं, आणि चुकीचं असतं तेही तितक्याच ठामपणे लिहिलेलं असतं. त्याला पोट दाबून पाहता येत नाही. माणूस दारातून आत येताना कसा चालतो, हे त्याला दिसत नाही. पण ते पेशंटचं पूर्ण ऐकून घेतं. आमच्याकडून माणसांना काय मिळत नव्हतं, ते यावरून आम्हाला कळायला हवं.

माझ्या दवाखान्यात २०१८ च्या उन्हाळ्यापासून केसपेपरवर एक ओळ छापलेली आहे: ‘या त्रासाबद्दल काय वाचलंत, पाहिलंत, कुणी काय सांगितलं?’ बाहेर बसणाऱ्या ताई ती विचारून भरून घेतात. सुरुवातीला लोक कचरले, आता आपण होऊन सांगतात. ‘लसणानं ब्लॉकेज जातं.’ ‘इन्सुलिन लागलं की संपलं.’ ‘ही गाठ कॅन्सरची असते का?’ आणि पुष्कळदा फोनशी काहीच संबंध नसलेलं उत्तर येतं: ‘नणंदेला हेच होऊन ती गेली.’ ज्यांच्या दवाखान्यात मी बसलो होतो, त्या डॉक्टरांच्या लाकडी पेटीतल्या पेन्सिलीच्या अक्षरांजवळ मी तीस वर्षांनी पोचलो. ओळ वाचली की कुठून बोलायला लागायचं ते मला कळतं. वेळ वाढलेला नाही. उलट तीच शंका घेऊन पुन्हा येणं कमी झालं आहे.

इथं बसलेल्या डॉक्टर मित्रांना विनंती आहे. ही ओळ आपल्या केसपेपरवर छापून घ्या. न जमल्यास तोंडानं विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बसा, ९२ सेकंद. वाचलेलं बरोबर असेल तर ‘बरोबर वाचलंत’ असं मोठ्यानं म्हणा. माहीत नसेल तर ‘बघून सांगतो’ म्हणा आणि खरंच बघून सांगा.

आणि तुम्ही, जे उद्या कुणाच्या ना कुणाच्या दवाखान्यात जाणार आहात, तुम्हाला सांगतो: वाचलेलं लपवू नका. फोन पिशवीत ठेवू नका, टेबलावर ठेवा. लिहिणारा कोण आहे आणि तो काही विकतो आहे का, एवढं आधी पाहून या. डॉक्टर रागावले तरी विचारा. एकच गोष्ट करू नका. वाचून मनानं गोळी बंद करू नका. बंद केलीच असेल, तर निदान ते सांगा.

त्या वहिनी अजून दर महिन्याला नवऱ्याला घेऊन येतात. त्यांच्या केसपेपरवरची ओळ कधी कोरी नसते, मागच्या आठवड्यात तीन प्रश्न होते. बीपी १३४/८२ आहे, क्रिएटिनिन १.१. गोळी तीच आहे. उजवा हात अजून उचलत नाही.